चौकडी

परवा शाळेत नेलं मला.
कोटावर पदक, पुढ्यात माइक,
आणि पहिल्या बाकावरचा एक दात पडलेला पोर :
आजोबा, तुम्ही किती विमानं पाडली?

मी पाणी मागितलं.

बाळा, मी भरणारा होतो.
चार गोळ्यांची एक चौकडी,
तोफेच्या डोक्यावरून आत सोडायची,
ती संपायच्या आत दुसरी.
डावीकडे नार्दू चाक फिरवायचा, उजवीकडे झारेन,
त्यांच्या डोळ्यांत आकाश.
माझ्या डोळ्यांत पितळ.
विमान मला ऐकू यायचं फक्त :
कुठलं झेपावतंय, कुठलं परतताना हलकं झालंय,
पोटातलं ओझं आमच्या बेटावर टाकून.

लूआच्या धावपट्टीकडेला आमचा खड्डा,
भोवती कमरेइतकी पिवळ्या दगडाची भिंत.
तो दगड माझ्या ओळखीचा.
भरती होण्याआधी खाणीत मी तोच कापायचो.
कापताना लोण्यासारखा, वारा लागला की घट्ट होत जातो.
आपणही तसेच, सार्जंट शिबेरास म्हणायचा.
त्याला असली वाक्यं फार सुचत.
आम्हाला नुसती भूक लागलेली असायची.

एप्रिलात हुकूम आला,
एका तोफेला दिवसाला पंधरा गोळे. बास.
पंधरा म्हणजे तीन चौकड्या, वर तीन.
ते वरचे तीन मला झोपू देईनात.
आजचे तीन उद्यात मिळवले तर अठरा,
म्हणजे चार चौकड्या, वर दोन...
उद्याचं उद्या, स्पीरू, अंधारातून झारेन म्हणाला,
आणि कूस बदलली.
(त्याचा उद्या त्यानंतर नऊच दिवस चालला.
दुपारची वेळ. पेटीत सात गोळे शिल्लक होते.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.)

गावात सरकारी भटारखाना निघाला होता.
एकदा शेळीचा रस्सा वाटला.
आमची काळ्या कानाची आदल्याच आठवड्यात नेलेली.
धाकटी डोलोर सांगत होती,
आई कितीतरी वेळ वाडग्यात चमचा फिरवत बसली,
काही शोधत असल्यासारखी,
मग सगळं संपवलं. वाडगं पुसूनसुद्धा घेतलं.

आणि तो एक दिवस.
नऊ वाजताच पंधराच्या पंधरा संपलेले,
नळी अजून गरम,
माझे हात रिकामे.
रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना
म्हणून मी मान वर केली.

एकच होतं. इतकं खाली
की पोटावरचा तेलाचा ओघळ दिसला,
आणि काचेआड एक माणूस
बाहीने काच पुसत होता.
बायका खिडकी पुसतात तसा,
आधी श्वास सोडून.

नार्दूने चाक सोडलं नव्हतं.
रिकामी तोफ फिरत होती त्याच्यामागे,
बोटभरही न चुकता,
थेट समुद्रावर तो ठिपका होईपर्यंत.
सापडला होता रे, नार्दू म्हणाला.
पुढे चाळीस वर्षं, दर रविवारी, दुसऱ्या पेल्यानंतर :
सापडला होता.
मी हो म्हणायचो.
सुटला ते बरं झालं की वाईट,
हे मात्र आम्ही दोघांनीही
कधी टेबलावर घेतलं नाही.

पाणी पिऊन मी पोराला म्हणालो,
आकडा विसरलो बघ.
त्याचा चेहरा उतरला. शेजारच्याला काहीतरी कुजबुजला.
बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या.

आता इथे, ननांच्या आश्रमात,
खिडकीतून धावपट्टीचे दिवे दिसतात.
विमानं उतरतात, उघडे गुडघे घेऊन पर्यटक येतात,
मी आवाजावरून सांगतो, हे भरलेलं, हे अर्धं.
सकाळी सिस्टर तळहातावर गोळ्या ठेवते,
एक रक्तदाबाची, एक साखरेची, एक झोपेत दचकतो त्याची.
मी हात मागे घेत नाही.
झाल्या, स्पीरू, ती म्हणते, तीनच आहेत.